आवाजाला चेहरा देताना

ध्वनिफितीवरून चित्रफीत घडविणारी साधने आता घरोघरच्या मोबाइलमध्ये आली आहेत. त्यांचे मोल जोखण्यासाठी ‘बीटल्स’ या जगद्विख्यात इंग्रज वाद्यवृंदाचे ‘नाऊ अँड देन’ हे गीत व त्याची चित्रफीत यांचा विचार उपयुक्त ठरावा.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस जॉन लेनन यांनी न्यूयॉर्कमधील आपल्या घरी पियानोवर बसून हे गीत साध्या कॅसेटवर ध्वनिमुद्रित केले. १९८० मध्ये त्यांची हत्या झाली. १९९५ मध्ये उरलेल्या तिघांनी गीत पुरे करू पाहिले. परंतु आवाज पियानोच्या सुरांत इतका गुंतला होता की, तो वेगळा करणे साधेना. २००१ मध्ये जॉर्ज हॅरिसनही निवर्तले. पुढे, निरनिराळे ध्वनी ओळखण्यास शिकविलेल्या संगणकाने तो आवाज पियानोपासून सोडविला आणि २ नोव्हेंबर २०२३ रोजी गीत प्रसिद्ध झाले. ख्रिस्तसभेत हा मृतांच्या स्मरणाचा दिवस असावा, हा केवळ योगायोग. येथवर यंत्राची सेवा निर्मळ आहे. मूळ आवाजावर साचलेली धूळ तेवढी त्याने झटकली.

दुसऱ्या दिवशी आलेल्या, पीटर जॅक्सन दिग्दर्शित चित्रफितीविषयी मात्र तसे म्हणवत नाही. वृद्ध मॅकार्टनी व रिंगो यांच्या शेजारी तरुण लेनन आणि हॅरिसन येऊन थट्टामस्करी करतात. कारागिरी चोख आहे. पण ही भेट कधी घडलीच नव्हती. आवाज ऐकताना दाटून येणारा विरह चित्र पाहताना पुसट होतो. अखेरीस रंगमंचावर वाकून अभिवादन करणारे चौघे विरून जातात, तेव्हा कोठे चित्र पुन्हा गीताशी इमान राखते.

हा प्रश्न आपल्या उंबरठ्याआतही आला आहे. माझ्या आईच्या आवाजातील सायंप्रार्थनेची एक जुनी कॅसेट आमच्या घरी आहे. भाच्याने ती अशाच एका साधनाला दिली. सोबत आईचे एक छायाचित्र. थोड्याच वेळात छायाचित्रातील ओठ हलू लागले. सारे घर गहिवरले. थोरली बहीण तेवढी गप्प होती. मग म्हणाली, “आई प्रार्थना करताना डोळे मिटून घ्यायची रे.”

साधनाला हे कसे कळावे? असंख्य परक्या चेहऱ्यांच्या हालचाली पाहून ते अंदाज बांधते आणि तोच आपल्या माणसाच्या मुखावर चढविते. आम्हाला चूक उमगली, कारण आम्ही आईला पाहिले होते. भाच्याच्या चिमुरडीने पणजीला पाहिलेले नाही. तिच्या आठवणीत उघड्या डोळ्यांची पणजीच राहायची.

म्हणून यंत्राकडून खरखर अवश्य काढून घ्यावी, प्रार्थनेचे शब्द खाली उमटवून घ्यावेत, घरातील खरी छायाचित्रे जोडावीत. ओठ मात्र हलवू नयेत. आमची नवी फीत आता तशीच केली आहे. चित्र स्थिर आहे, आणि बहीण ती पुन्हा पुन्हा लावते.