अंगावर काढलेलं दुखणं : संत बहिणाबाईंच्या आत्मकथेतलं शरीर

औषधपाणी न करता दुखणं सोसत राहण्याला मराठीत ‘अंगावर काढणं’ म्हणतात. शब्दांनी झालेलं दुखणंही बायका अंगावर काढतात, आणि ते खरोखरच अंगावर निघतं. हे मला पुस्तकांच्या आधी माझ्या मानेनं शिकवलं.

लग्नानंतर अकरा वर्षं मी ज्या घरात होते तिथं माझ्यावर कुणी हात उगारला नाही. बोलणं मात्र रोजचं होतं. स्वयंपाकावरून, माहेरावरून, माझ्या हसण्यावरून. चारचौघांत माझं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही, आणि घरी आठ-आठ दिवस अबोला धरायचा, अशी रीत होती. खांदे कानाशी येऊन बसले, मान वळेना. एक्स-रेमध्ये काही निघालं नाही. मस्तगडला माहेरी परतले तेव्हा ‘त्यानं मारलं का?’ एवढंच सगळे विचारत. ‘नाही’ म्हटलं की पुढचा प्रश्न नसे.

त्या काळात वाचनालयातून आणलेली संत बहिणाबाईंची अभंगगाथा हाती आली. या ‘अरे संसार संसार’वाल्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी नव्हेत. या सतराव्या शतकातल्या, आपल्या मराठवाड्यातल्या. जन्म वेरूळजवळच्या देवगावचा, सासर शिऊरचं. काळ साधारण १६२८ ते १७०० असा धरतात. त्यांनी स्वतःचं आयुष्य अभंगांतून सांगितलं आहे. मराठी स्त्रीनं स्वतःबद्दल इतकं सलग सांगितल्याचं त्याआधीचं उदाहरण माझ्या वाचनात नाही.

या आत्मकथेवर लिहिणाऱ्यांनी प्रामुख्यानं दोन गोष्टी पाहिल्या. एक, तुकोबांची शिष्या म्हणून तिचं वारकरी परंपरेतलं स्थान. दुसरी, भक्ती आणि पातिव्रत्य यांतली ओढाताण. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९८२च्या लेखात ‘पत्नी’ आणि ‘संत’ या दोन भूमिकांचा ताण नेमका मांडला आहे. दोन्ही वाचनं मला मान्य आहेत. पण दोन्हींत बाईंचं शरीर बाजूला राहतं, आणि कथेतल्या कळीच्या घटना तर शरीरातच घडतात. म्हणून ही कथा मी शरीराच्या बाजूनं पुन्हा वाचते आहे.

घटना थोडक्यात अशा. तिसऱ्या वर्षी लग्न, नवरा तिशीचा बिजवर. भाऊबंदकी आणि कर्ज यांमुळे माहेरच्या माणसांसह हे कुटुंब गाव सोडून निघतं आणि हिंडत हिंडत कोल्हापूरला येतं. तिथं ज्या ब्राह्मणाच्या आश्रयानं ती राहतात, तो एक कपिला गाय आणि तिचं वासरू देतो. वासराला या मुलीचा असा लळा लागतो, की ती जाईल तिथं ते मागोमाग जातं. पाण्याला गेली तरी, कीर्तनाला गेली तरी. जयरामस्वामींच्या कीर्तनात वासरू आत येतं, स्वामी मुलीचं आणि वासराचं कौतुक करतात. ही गोष्ट नवऱ्याच्या कानी जाते. बायकोची वाखाणणी त्याला सोसत नाही. तो तिला मारतो, बांधून घालतो.

इथं मार आहे, हे झाकायचं कारण नाही. पण माराचं निमित्त पाहावं : चार माणसांत झालेलं कौतुक. आधी कौतुकाची चीड, मग कीर्तनाची बंदी, पुढे ‘शूद्र गुरू केला’ म्हणून संताप, आणि शेवटी तिला टाकून निघून जायची तयारी. बाईचं स्वतःचं म्हणून जे काही असेल ते तिच्याकडून काढून घेण्याचा हा क्रम आहे. तो ओळखायला मला टीपा लागल्या नाहीत.

आता शरीराकडे येऊ. मुलीला बांधल्यावर कथा तिच्या रडण्यापाशी थांबत नाही. ती गोठ्यात जाते. गाय आणि वासरू चारा-पाणी सोडतात. तिचं तोंड बंद आहे, तेव्हा नकार देतात ती जनावरांची शरीरं. ती सुटून त्यांच्याजवळ जाते, पण वासरू वाचत नाही. मरणाच्या वेळी कुणी तरी मुक्याला वाचा देणाऱ्या देवाच्या स्तुतीचा संस्कृत श्लोक अर्धा म्हणतं, आणि पुढचा अर्धा वासरू पुरा करतं. चमत्कार म्हणून हा प्रसंग सांगितला जातो. मला तो रचनेचा भाग वाटतो. ज्या घरात बाईचं बोलणं मोडलं जातं, तिथं पहिल्यांदा वाक्य पुरं करतो तो मुका जीव.

त्यानंतर मुलगी निश्चेष्ट पडते. दिवस जातात, माणसं भोवती बसून राहतात. त्या अवस्थेत तुकोबा दिसतात, आणि दिसतात ते उपदेशाच्या रूपात नव्हे. डोक्यावर हात, तोंडात अमृताची चव, कानात मंत्र. स्पर्श, चव आणि आवाज या वाटांनी ती परत येते. आधी अंग आणि मग अर्थ, असा हा क्रम आहे.

आजचे आघाताचे अभ्यासक यापाशी येऊन थांबतील. पीटर लेव्हिन यांनी १९९७ मध्ये मांडलं, की संकटात लढता वा पळता आलं नाही की प्राण्याचं शरीर गोठतं. जनावर नंतर थरथरून मोकळं होतं, माणूस ते दाबून ठेवतो. बेसेल व्हॅन डर कोक यांचं २०१४चं पुस्तक तर शरीर हिशेब ठेवतं, याच मुद्द्यावर उभं आहे. या मांडणीतलं सगळंच सिद्ध झालेलं नाही, आणि साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या बाईचं निदान करायचा अधिकार मला नाही. संतचरित्राचे स्वतःचे संकेत असतात. मूर्च्छा, स्वप्नदीक्षा, साक्षात्कार हे त्यांतलेच. तरीही एक उरतं. दीक्षा सांगायला बाईंनी शास्त्रार्थ निवडला नाही. हात, जीभ आणि कान निवडले. हा निवडीचा पुरावा आहे, आणि निवड तपासणं हे समीक्षेचं काम आहे.

इथपर्यंत कथा सुटकेची वाटते. पण पुढचा भाग मला अस्वस्थ करतो, आणि लेख लिहायचं खरं कारण तोच आहे. लोक बहिणाबाईंच्या दर्शनाला येऊ लागतात. नवरा गरोदर बायकोला टाकून निघायचं ठरवतो आणि त्याच वेळी तापानं अंथरुणाला खिळतो. महिनाभर ती त्याची सेवा करते. तो बरा होतो, वरमतो, आणि सगळी देहूला जातात. गाथेत यानंतर पतिसेवेची थोरवी सांगणारे अभंग आहेत. पतीच देव, अशा आशयाचे. जे शरीर तिच्यासाठी परत आलं होतं, ते आता त्याच्या उशाशी बसलेलं आहे. मोकळं झालं ते अंग कुणाच्या नावावर जमा झालं, हा माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न एका बाईपुरता नाही. व्हिएडा स्कल्टन्स या अभ्यासिकेनं महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरात काम करून १९८७ मध्ये ‘मॅन’ या नियतकालिकात लेख लिहिला. वेडसर माणसाला घेऊन आलेल्या बायका, बहुतेक त्याच्या आया, तिथं स्वतःच अंगात आणत. घरातल्याचं दुखणं आपल्यावर यावं, त्यानं बरं व्हावं, यासाठी. घुमणं हे त्यांनी केलेलं दान होतं. अंगात येणं म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा असं म्हणणाऱ्यांनी, आणि ती बायकांची मोकळीक म्हणून तिचं कौतुक करणाऱ्यांनीही, हा लेख वाचावा. मोकळीक होती, ती घराच्या खात्यावर लिहिली जात होती.

माझंही तसंच झालं. ‘बाहेरचं असेल’ म्हणून आई मला एका देवस्थानी घेऊन गेली. तिथं केस सोडून बसलेल्या बायकांत मी डोलू लागले, मग ओरडले, मग पुष्कळ रडले. त्या रात्री कित्येक महिन्यांनी मान उशीवर सरळ टेकली. हे मी नाकारणार नाही. सकाळी तिथली वयस्क बाई आईला म्हणाली, ‘आता पोरीला तिच्या घरी पोचवा, तिचं मन शांत झालंय.’ मी गेले. दोन वर्षं पुन्हा तेच घर. शरीर सैल झालं होतं ते परत तेच सोसायला.

जात्यावरच्या ओवीबद्दलही हाच प्रश्न विचारायला हवा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी आपल्या साथीदारांसह लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांत सासरच्या जाचाच्या ओव्या खूप आहेत. शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांनी गायलेला सीतेचा वनवास आहे. खुंट्याचा फेरा, हाताची लय आणि ओळीच्या शेवटी लांब सुटणारा श्वास; श्वास असा सावकाश सुटला की हृदयाचे ठोकेही मंदावतात. आपली समीक्षा या ओव्यांमधलं माहेर आणि माया वाचत राहिली, खांदा आणि श्वास तिनं वाचला नाही. पण उलट टोकही बरं नाही. ते दळण घरादाराच्या भाकरीसाठी होतं, आणि पहाटे उठायचं की नाही हे विचारलं जात नव्हतं. दुःख सीतेच्या नावानं गायलं की गाणारीला धोका नसतो, पण तिच्या घरातही काही बदलत नाही.

कायद्यानं उलटी वाट धरली. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, शाब्दिक आणि भावनिक छळाला हिंसाचारात जागा दिली. ‘मारलं का?’ या प्रश्नापुढे जायची सोय झाली. पण अर्जाला तारखा लागतात, वाक्यं लागतात. आखडलेल्या मानेला वाक्य सुचत नाही. देवस्थानात मला अंग मिळालं पण ‘मी’ मिळाली नाही. अर्जात ‘मी’ लिहायचा होता, तेव्हा अंग साथ देत नव्हतं.

म्हणून मी पुन्हा बहिणाबाईंकडे येते. पातिव्रत्याचे अभंग हा त्यांचा शेवट नाही. नवऱ्यापाशी नमलेल्या याच बाईनं आपलं आयुष्य शब्दांत आणलं, आणि मरणाच्या आधी मुलाला, विठोबाला, आपले मागचे बारा जन्म सांगितले. हे अभंग त्यांना नवऱ्याच्या वतीनं सांगता आले असते. त्यांनी ‘मी’ म्हणून सांगितले. बांधलं ते मला, वासरू आलं ते माझ्यामागं, डोक्यावर हात पडला तो माझ्या. पतीला देव मानणारी आणि त्यानं बांधून घातल्याची नोंद ठेवणारी बाई एकच आहे. तिनं नोंद पुसली नाही. भक्ती आणि पातिव्रत्य यांच्या ताणात ही नोंद सहज हरवते, पण माझ्या लेखी गाथेचं मोठेपण तिच्यातच आहे.

मी शेवटचं घर सोडलं त्यानंतर रोज पहाटे मस्तगडहून मोती तलावापर्यंत चालत जायची. चालताना गाथा मोठ्यानं म्हणायची. सुरुवातीला ओळ पुरी व्हायच्या आतच श्वास संपे, कारण वाक्य मध्येच तोडलं जाण्याची छातीला सवय झाली होती. कित्येक महिन्यांनी एक आख्खा अभंग एका चालीत पुरा झाला. त्यानंतर मी अर्जाचा पहिला कागद लिहायला बसले. हा सगळ्यांना लागू पडणारा उपाय नाही. झोप उडालेल्या, जीव द्यावासा वाटणाऱ्या बाईला डॉक्टरच हवा आणि सोबतीला माणूस हवं. माझं म्हणणं वाचणाऱ्यांसाठी आहे. हे अभंग पुढच्या वेळी डोळ्यांनी वाचू नका, मोठ्यानं वाचा. आपला श्वास कुठं अडतो ते पाहा, आणि तिथं पेन्सिलीनं खूण करून ठेवा.