'विंचेस्टर ७३' : बंदुकीची माया

अमेरिकेत आजोबांची लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल घरात जपून ठेवणारी कुटुंबे आजही आहेत. चापाभोवतीची कडी खाली ओढून वर घेतली, की रिकामे काडतूस बाहेर पडते व नवे नळीत चढते. एवढ्याशा हालचालीत वाडवडिलांचा हात आठवतो, असे ही माणसे मानतात. ही माया समजून घ्यावयाची, तर अँथनी मान यांचा 'विंचेस्टर ७३' (१९५०) हा चित्रपट अवश्य पाहावा.

१८७६ च्या ४ जुलै रोजी डॉज सिटीतील नेमबाजीच्या स्पर्धेत लिन मॅकॅडम (जेम्स स्टुअर्ट) 'हजारांत एक' अशी निवडक विंचेस्टर जिंकतो. ती लगेच हिरावली जाते आणि हातोहात फिरू लागते. जुगारी व्यापारी, मूळनिवासी सरदार, भित्रा प्रियकर, दरोडेखोर असे तिचा मोह पडलेले एकेक जण मरतात. लिन मात्र धावतो तो बंदुकीसाठी नव्हे, तर पित्याच्या खुन्यामागे. आणि तो खुनी त्याचाच भाऊ. दोघांना नेम शिकविला तो पित्यानेच. चित्रपटाचे मर्म आम्हांस येथे दिसते. वारशात आली ती विद्या. बंदूक मागाहून आली. ती विद्या एका मुलाने पित्यावरच चालविली.

गंमत अशी, की मोहाचा शेवट दाखविणाऱ्या याच चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी 'हजारांत एक' रायफली कोणाकडे उरल्या आहेत, याचा देशभर शोध घेण्यात आला. १८७३ च्या नमुन्यात अशा रायफली दीडशेही बनल्या नव्हत्या. साहजिकच संग्राहकांचा मोह वाढला.

चित्रपटाचे खरे उणेपण यंग बुल या सरदाराच्या चित्रणात आहे. ही भूमिका रॉक हडसन या गोऱ्या नटाने केली आहे. या सरदाराला बंदुकीची हाव दिली आहे, आठवण दिलेली नाही. वास्तविक त्याच वर्षी २५ जूनला लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लाकोटा व शायान योद्ध्यांच्या हाती अशाच रायफली होत्या, आणि त्या त्यांनी आपल्या भूमीसाठी चालविल्या. त्यांनाही नातवंडे होती.

खंडेनवमीस शस्त्र पूजणाऱ्या आपल्या समाजाला ही माया परकी वाटू नये. आम्ही तिला खोटी म्हणत नाही. मात्र दस्त्याकडील आजोबांचे स्मरण करताना नळीपुढे कोणाचे आजोबा उभे होते, हेही विचारावे. चित्रपट तो प्रश्न टाळतो. प्रेक्षकाने टाळू नये.