पित्याविरुद्ध पुत्राची साक्ष

पित्याचे दोष पुत्राने चारचौघांत उच्चारावेत काय, असे विचारताच आपल्या समाजात बहुतेकांचे उत्तर तयार असते. पितृपक्षात आपण पितरांना पिंड देतो, त्यांच्याकडे हिशेब मागत नाही. परंतु आमचा व्यवसाय वकिलीचा. साक्षीचे मोल तोलणे हा आमचा नित्याचा उद्योग. त्यामुळे अमेरिकन लेखक पॅट कॉनरॉय यांची दोन पुस्तके वाचताना हाच प्रश्न आम्हांस पुनःपुन्हा सतावीत राहिला.

कॉनरॉय यांचे वडील कर्नल डोनाल्ड कॉनरॉय हे अमेरिकेच्या मरीन दलातील लढाऊ वैमानिक. कोरिया आणि व्हिएतनाम येथील युद्धांत ते लढले. सात भावंडांत थोरले असलेल्या पॅट यांनी १९७६ साली 'द ग्रेट सँटिनी' या कादंबरीत बुल मीचम या नावाने पित्याचे चित्र रेखाटले. १९७९ साली तिच्यावर चित्रपट निघाला व रॉबर्ट डुव्हाल यांनी ती भूमिका केली. आकाशात जे शौर्य, तेच उंबऱ्याच्या आत क्रौर्य कसे होते, हे या कादंबरीचे मर्म होय. अंगणात बापलेक बास्केटबॉल खेळतात आणि मुलगा जिंकतो. पराभव न सोसणारा बाप चेंडू मुलाच्या डोक्यावर पुनःपुन्हा आपटीत राहतो. या प्रसंगात शस्त्र नाही, रक्त नाही. तरी वाचणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहतो.

पुढे घडले ते कादंबरीहूनही विलक्षण. नातलग संतापले. घटस्फोटाच्या वेळी आईने तर ही कादंबरीच पुरावा म्हणून न्यायाधीशांपुढे ठेवली! कायद्याच्या दृष्टीने कादंबरी हा पुरावा नव्हे. ज्या साक्षीची उलटतपासणी झाली नाही, ती साक्ष अपुरीच. पण येथे प्रतिवादीने आपली कैफियत स्वतःच मांडली. पुस्तकांवर स्वाक्षऱ्या देण्याच्या प्रसंगी कर्नलसाहेब मुलाशेजारी बसत आणि मुलाची ही नवी 'कल्पित' कृती वाचकांस आवडो, असे लिहून त्यातील 'कल्पित' या शब्दाखाली रेघांवर रेघा ओढीत! या विनोदात नकार आहे, पण कबुलीही आहे. कादंबरीत पुत्राने बापाला वीरमरण दिले. पेटलेले विमान वस्तीपासून दूर नेत बुल मीचम मरतो. बाप प्रिय वाटावा याचा दुसरा मार्ग तरुण लेखकाला सुचला नव्हता. तो मार्ग जिवंत बापाने शोधला: छापील आरशात स्वतःला पाहून तो हळूहळू बदलला.

ही कथा 'द डेथ ऑफ सँटिनी' या २०१३ सालच्या आत्मकथनात येते. या ग्रंथाचे दोष लपविण्याचे कारण नाही. लेखकाची भाषा वारंवार चढ्या सुरात जाते. एकच घाव तो अनेकदा उघडून दाखवितो. 'द ग्रेट सँटिनी'चा संयम येथे नाही. तथापि क्षमा म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, हे सत्य येथेच अधिक स्पष्ट होते. सर्वांत धाकट्या भावाने १९९४ साली आत्महत्या केली. बापाच्या परिवर्तनाने तो परत आला नाही. १९९८ साली वडील वारले. त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी पुत्राने केलेले भाषण ग्रंथाच्या अखेरीस आहे. ज्या लेखणीने आरोपपत्र लिहिले, तिनेच तर्पणही केले.

कठोपनिषदातील नचिकेताचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. पित्याने यज्ञात निरुपयोगी गाई दान दिल्या, हे त्याला खुपले. त्याने प्रश्न विचारला आणि रागावलेल्या पित्याने त्याला मृत्यूच्या हवाली केले. परंतु यमाने वर देऊ करताच त्याने पहिला वर कोणता मागितला? पित्याचा राग शांत व्हावा, त्याने आपल्याला प्रेमाने ओळखावे, हाच. दोष दाखविणारा पुत्र आणि पित्याची शांती मागणारा पुत्र हे दोघे भिन्न नव्हेत, हे आपल्या परंपरेला पूर्वीच ठाऊक होते.

मारझोड सोसून गप्प राहिलेली मुले आपल्याही घरांत आहेत. त्यांच्या मौनाला आपण मातृपितृभक्ती म्हणतो. खरी साक्ष देणे हे पितृऋण बुडविणे नव्हे; द्वेष न ठेवता दिलेली साक्ष ही त्या ऋणाची फेडच होय, असा आमचा अभिप्राय आहे.