‘कसं वाटलं?’: घरी केलेली पहिली ईपी आणि तिचे पहिले श्रोते

मागच्या वेळी छापील परीक्षणांबद्दल बोलणं झालं. परीक्षण येतं तेव्हा काम संपलेलं असतं, गाणं लोकांपर्यंत गेलेलं असतं. आज त्याच्या आधीची पायरी घेऊ. स्वतः लिहिलेली, स्वतः गायलेली, स्वतःच्याच लॅपटॉपवर मिक्स केलेली पहिली ईपी बाहेर सोडण्याआधी दहा-बारा माणसं ऐकतात. त्यांच्या सांगण्यावर बरंच काही ठरतं. पण त्या दहा-बारा जणांचं परीक्षण कुणी करत नाही. ते आज करायचं आहे, आणि त्यात आम्हीही सुटणार नाही.

आम्ही दोघं पुण्यात गेली काही वर्षं महिन्यातून एकदा श्रवणबैठक घेतो. कुणाच्या तरी घरी, चटईवर, दोन बऱ्यापैकी स्पीकर लावून. ज्याचं पहिलं रेकॉर्डिंग तयार होत आलंय त्यानं यायचं, लावायचं, आम्ही ऐकायचं. बैठक म्हणजे एवढंच.

आता बघा, मैफलीत दाद जागेवर मिळते. समेवर नीट आलात की माना हलतात. नाही आलात तर माना हलत नाहीत, तेही कळतं, आणि पुढच्या आवर्तनात सावरता येतं. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याकडे हे काहीच नाही. तो चार महिने एकटा खोलीत असतो. एकेक गाणं त्यानं शेकडो वेळा ऐकलेलं असतं. कच्च्या मिक्सची कानाला इतकी सवय लागते की सुधारलेलं मिक्स परकं वाटायला लागतं. या धंद्यातले लोक त्याला गमतीनं ‘डेमोआयटिस’ म्हणतात, म्हणजे डेमोचा आजार. आणि नेमका या आजारात माणूस घरच्यांना, मित्रांना फाइल पाठवतो आणि विचारतो, ‘कसं वाटलं?’

उत्तर काय येतं? ‘भारी’, ‘जमलंय रे’, आणि अंगठा. यात लोकांची चूक नाही. प्रश्नच आशीर्वाद मागणारा आहे, मग आशीर्वाद मिळतो. शिवाय त्यांनी ऐकलं ते फोनच्या स्पीकरवर, भाजी निवडताना. बास गिटारची सर्वांत खालची तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून तो मूळ स्वर बाहेरच पडत नाही, वरचे अंश तेवढे ऐकू येतात. तबल्यातला डग्गा तर जवळजवळ गायब होतो. म्हणजे मावशीला गाणं ‘जरा पोकळ’ वाटलं असेल तर मावशी बरोबरच आहे. फक्त ती गाण्याबद्दल बोलतेय की फोनबद्दल, हे तिला माहीत नाही.

आवाजाच्या पातळीची आणखी एक फसवणूक आहे. कमी आवाजात आपल्या कानाला खर्जातलं कमी ऐकू येतं. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. त्यामुळे दोन मिक्स शेजारी ठेवली की जे किंचित मोठ्यानं वाजतं तेच भरीव आणि चांगलं वाटतं. ‘दुसरं व्हर्जन भारी’ हा अभिप्राय पुष्कळदा आवाजाचा आकडा वाढल्याचा असतो. आणि स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणून वाजवतं, त्यामुळे ती वाढीव ताकद तिथे कापली जाते. दोन्ही व्हर्जन समान पातळीवर आणून मगच ऐकवा. आमच्या बैठकीत आता हे सक्तीचं आहे.

पण हे सगळं तांत्रिक झालं. तंत्र शिकता येतं. आम्ही जे चुकलो ते दुसरंच होतं, आणि ते सांगायला थोडा वेळ घेणार आहोत.

एक मुलगा चार गाण्यांची ईपी घेऊन आला. मावशीच्या फ्लॅटमध्ये, भिंतीला गोधड्या लावून केलेलं काम. पहिलं गाणं त्याच्या आजीच्या ओवीनं सुरू होत होतं. आजी स्वयंपाकघरात बसून गात होती, यानं फोनवर रेकॉर्ड केलं होतं, वर पंखा फिरत होता. चाळीस सेकंद आजी, मग गिटार आणि त्याचा स्वतःचा आवाज. त्या दिवशी आम्ही अकरा जण होतो. अकराच्या अकरा कागदांवर एकच गोष्ट आली: सुरुवातीला नॉइज फार आहे, स्वच्छ करा. आम्ही तर त्याच्यावर एक वाक्य जास्तीचं लिहिलं: शक्य असेल तर पुन्हा रेकॉर्ड करा.

एवढं एकमत झाल्यावर कुणीही ऐकेलच. त्यानं आधी नॉइज काढणारं सॉफ्टवेअर लावलं, तर आजीचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला. मग त्यानं गाणं शिकलेल्या एका मुलीला स्टुडिओत नेऊन तीच ओवी गाऊन घेतली. सुरेल, स्वच्छ. ईपी बाहेर पडली. आम्ही ऐकली आणि पहिल्या गाण्यातच काहीतरी गेल्यासारखं झालं. ओवी आता गाण्याला लावलेल्या तोरणासारखी वाटत होती. आधी ती त्या घरातून येत होती.

पुढे कधीतरी जुनी फाइल पुन्हा मागवून घेतली आणि नीट ऐकली. मग लक्षात आलं की पंख्याचा आवाज आम्हाला पहिल्या एकोणचाळीस सेकंदांत खटकलाच नव्हता. सतत येणारा आवाज कान बाजूला टाकतो, पावसाचा टाकतो तसा. खटकलं ते चाळीसाव्या सेकंदाला. तिथे त्यानं क्लिप कापली होती आणि पंखा एकदम बंद पडत होता. आवाज गेल्यामुळे तो होता हे कळलं, आणि मग आम्ही मागचे चाळीस सेकंद दोषी ठरवले. उपाय काय होता? आजीचं गाणं संपल्यावरही पंख्याचा आवाज गिटारखाली आठ-दहा सेकंद हळूहळू विरू द्यायचा. पाच मिनिटांचं काम. त्यासाठी आम्ही आजीला गाण्यातून बाहेर काढलं.

दुखतंय कुठे, हे आम्ही बरोबर सांगितलं होतं. दुखण्याचं कारण चुकीचं सांगितलं, आणि वर औषधही लिहून दिलं. पेशंट डॉक्टरकडे जातो तेव्हा ‘इथे दुखतं, जेवल्यावर दुखतं’ एवढं सांगतो. निदान डॉक्टरनं करायचं. श्रोता हा इथे पेशंट आहे. पण आपल्याकडे समजदार श्रोता म्हटला की त्याला डॉक्टर व्हायची घाई असते. रिव्हर्ब कमी करा, व्होकल दोन डेसिबल वर घ्या. ऐकणाऱ्यानं वेळ सांगावी आणि स्वतःला काय झालं ते सांगावं: इथे मन भरकटलं, इथे दचकलो, हा शब्द कळला नाही. पुढचं ज्याचं गाणं आहे तो बघेल.

याच्या उलट घडलेलं एक उदाहरण आहे. बोन इव्हेर या नावानं जस्टिन व्हर्ननने केलेला पहिला अल्बम, ‘फॉर एमा, फॉरेव्हर अगो’. नॉर्थ कॅरोलिनात बँड मोडला, आजारपण झालं, आणि २००६-०७चा हिवाळा तो विस्कॉन्सिनमध्ये वडिलांच्या शिकारीच्या लाकडी केबिनमध्ये राहिला. हाताशी जुनं रेकॉर्डिंगचं सामान, शुअर एसएम५७सारखा साधा माइक. बहुतेक सगळं तिथेच झालं. त्याच्या लेखी हे डेमो होते, नंतर नीट रेकॉर्ड करायचे. मित्रांना ऐकवलं, त्यांना ते तसंच आवडलं, आणि तसंच ठेवायचं ठरलं. २००७ साली त्यानं स्वतःच ५०० सीडी काढल्या, २००८च्या फेब्रुवारीत जॅगजॅगुवार या कंपनीनं तो पुन्हा प्रकाशित केला.

आमच्या अकरा जणांसमोर हा अल्बम आला असता तर? कागदावर काय आलं असतं ते आम्ही सांगू शकतो. शब्द कळत नाहीत. एका आवाजावर सहा-सहा आवाज चढवलेत, नक्की कुणाला ऐकायचं? शेवटचं ‘री: स्टॅक्स’ पावणेसात मिनिटांचं आहे, गिटार आणि गळा सोडून काही नाही, दोन मिनिटं कापा. आणि यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे! शब्द खरंच कळत नाहीत. कारण व्हर्नन आधी नुसत्या स्वरांत गुणगुणून रेकॉर्ड करायचा, मग त्या आवाजांत बसणारे शब्द शोधायचा. तिथे शब्द मागून आलेत, आणि तो अल्बम उभाच त्याच्यावर आहे. शब्द स्पष्ट करायला सांगणं म्हणजे पुन्हा आजीलाच बाहेर काढणं.

यावरून एक भलताच धडा मात्र खूप जणांनी घेतला: खरखर म्हणजे सच्चेपणा. आमच्याकडे दर दोन महिन्यांनी कुणीतरी मुद्दाम खराब केलेलं रेकॉर्डिंग घेऊन येतं आणि केबिनचं नाव सांगतं. त्यांना आम्ही दोन गोष्टी सांगतो. तो केबिनमध्ये गेला तेव्हा नवशिका नव्हता, बँडमध्ये बरीच वर्षं घालवलेली होती, स्वतःच्या नावानं आधी अल्बम काढलेले होते. आणि सगळं एकट्यानं केलेलंही नाही. आठव्या गाण्यात, ‘फॉर एमा’मध्ये, ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन आहेत, ते इतरांनी वाजवलेत. आमच्या मते अल्बमचं दार तिथे उघडतं. सात गाणी कोंडून घेतल्यावर पितळेचा तो आवाज आला नसता तर ‘री: स्टॅक्स’चा एकटेपणा सोसवला नसता.

त्या मित्रांचं ‘तसंच ठेव’ आमच्या अकरा कागदांपेक्षा मोलाचं का ठरलं? आमचा अंदाज असा की त्यांना त्याचं आधीचं गाणं माहीत होतं. आधी तो खालच्या पट्टीत, भरीव आवाजात गायचा. इथे सगळं वर, फॉल्सेटोमध्ये गेलं. काय बदललं हे जुन्या श्रोत्यालाच ऐकू येणार. आम्ही त्या मुलाला पहिल्यांदाच भेटत होतो. त्याच्या घरात ओवी कशी गातात हे त्याच्या आईला विचारलं असतं तर कदाचित पंख्याचा विषयच निघाला नसता. तेव्हा मघाशी ज्या मावशीला आम्ही भाजी निवडायला बसवलं, तिची थोडी माफी. तिला फक्त ‘कसं वाटलं’ विचारू नका. ‘हा मीच वाटतोय का गं?’ असं विचारा.

आता बैठकीत कागदाला दोनच रकाने असतात, वेळ आणि काय झालं. ‘काय करावं’ हा रकाना काढून टाकला आहे.

त्या मुलाला आम्ही नंतर भेटलो. चाळीसाव्या सेकंदाचा सगळा उलगडा सांगितला, चूक कबूल केली, आणि म्हटलं की जुनी ओवी परत लावून नवी आवृत्ती काढ, आम्ही मिक्सला मदत करतो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, ‘सर, तुमचं एकदा ऐकून झालंय.’ (हशा)

प्रश्न घेऊ या.