काट्यावरचा देह

वजन उतरविण्याची स्पर्धा दाखविणारा 'द बिगेस्ट लूझर' हा कार्यक्रम अमेरिकेत २००४ साली एन.बी.सी. वाहिनीवर सुरू झाला. २००७ मध्ये त्याची हिंदी आवृत्ती 'बिगेस्ट लूझर जीतेगा' सहारा वन वाहिनीवर आली. सूत्रधार सुनील शेट्टी. आज ती कुणाला फारशी आठवत नाही. पण अशा कार्यक्रमांनी रुजविलेले चित्र छत्रपती संभाजीनगरातल्या कुठल्याही जिमच्या फलकावर पाहावे : 'आधी' आणि 'नंतर'. मधला माणूस गायब.

कार्यक्रमाची रीत सरळ आहे. स्थूल माणसांना घरापासून, कामापासून तोडून एका जागी ठेवायचे. अन्न कमी, व्यायाम तासन्‌तास, वर प्रशिक्षकाचा आरडाओरडा. आठवड्याअखेर सर्वांदेखत काट्यावर उभे करायचे. मागे पडेल त्याच्यावर बाहेर जाण्याची पाळी.

या कार्यक्रमावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की तिथे चरबी नव्हे, स्नायूच झडतात. तो टिकत नाही. अमेरिकी संशोधक केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी स्पर्धकांची मोजमापे घेतली, तेव्हा उतरलेल्या वजनात चरबीचाच वाटा फार मोठा निघाला. व्यायामाने स्नायू बऱ्यापैकी राखले होते. खोटेपणा तिथे नाही. खोटेपणा आहे तो कॅमेरा बंद होण्याच्या क्षणात.

२००९ च्या आठव्या पर्वातील १४ स्पर्धकांना याच संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासले. अहवाल २०१६ मध्ये आला. तीस आठवड्यांत सरासरी ५८ किलो उतरले होते. त्यांतले ४१ किलो परत आले होते. म्हणजे आठवड्याला जवळजवळ दोन किलो उतरविले गेले. डॉक्टर सांगतात अर्धा ते एक किलो. त्याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. स्वस्थ बसलेले शरीर जेवढी ऊर्जा खर्च करायला हवे, त्यापेक्षा या माणसांचे शरीर सहा वर्षांनंतरही दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करीत होते. 'पोट भरले' हा निरोप मेंदूला देणारे लेप्टिन स्पर्धेअखेर जवळजवळ संपले होते; पुढेही ते पूर्वपदावर आले नाही. विजेता डॅनी काहिल १९५ किलोंवरून ८७ वर आला होता. त्याचेही ४५ किलोंहून अधिक परत चढले. देह उपासमार विसरत नाही. दुष्काळ पाहिलेल्या मराठवाड्याला हे प्रयोगशाळेतून कळायला हवे होते काय?

आणि पडदा सांगतो काय? स्थूलपणा हे आळसाचे पाप, घाम आणि अपमान हे प्रायश्चित्त, आणि वजन पुन्हा चढले तर दोष तुझाच. माणसाच्या वाट्याला आलेल्या स्थितीचे खापर त्याच्याच कर्मावर फोडण्याची ही रीत आपल्या ओळखीची आहे. फक्त पोथीच्या जागी काटा आला.

शिवाय हा काटा आपल्या देहाविषयी फारच थोडे जाणतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र छापले. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! त्याआधी त्यांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात मुले तपासली होती. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमध्ये ३.५. आपली मुले हडकुळी, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. अर्धपोटी आईच्या उदरातच देह साठवायला शिकतो. मग चाळिशीत बारीक दिसणाऱ्या हमालाला मधुमेह निघतो. त्याला कोणती वाहिनी स्पर्धेत घेणार? त्याचे 'आधी'चे छायाचित्र विकले जात नाही.

चरबी उतरविण्याची निरोगी वाट आहे. ती नाकारण्याचे कारण नाही. ती संथ आहे, आणि कंटाळवाणी आहे. २०१७ च्या पाठपुराव्यात दिसले की ज्या स्पर्धकांनी वजन राखले, त्यांची रोजची शारीरिक हालचाल इतरांपेक्षा बरीच जास्त टिकली होती. वर्षानुवर्षे चालणे, पुरेशी झोप, ताटात डाळ, अंडी, भाजी. यात कॅमेऱ्याला टिपण्यासारखे काही नाही, आणि नेमके हेच आपल्या वस्तीत महाग आहे. वाळूजच्या कारखान्यात कंत्राटी पाळ्या करणाऱ्याने झोप कुठून आणायची? नागसेनवनात खोली घेऊन डब्यावर शिकणाऱ्या पोराला 'प्रथिने वाढव' असे सांगणे सोपे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्याचा हक्क दिला. डाळ त्या हक्कात नाही. गरिबाच्या ताटातले स्वस्त प्रथिन म्हणजे बैलाचे मांस. तेही २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात बंद झाले.