चढत्या रेषांमधली एक आडवी रेषा

गर्भाच्या वाढीच्या तक्त्यांत सगळ्या रेषा वर चढतात. डोक्याचा घेर असो की मांडीचे हाड, आठवडा सरला की आकडा वाढलाच. ग्रॅनम, हॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी १९८० साली गर्भाच्या मूत्रपिंडांवर जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यातली रेषा मात्र जवळजवळ आडवी आहे. मला तो निबंध आवडतो तो या रेषेसाठी.

कृती सोपी. सोनोग्राफीत पोटाचा आडवा छेद घ्यायचा आणि मूत्रपिंडाच्या घेराला पोटाच्या घेराने भागायचे. उत्तर सरासरी ०.२७ ते ०.३० येते, पाचव्या महिन्यात तेच, नवव्यातही तेच. त्या काळात मूत्रपिंड काही स्वस्थ बसलेले नसते. रक्त गाळणारे नेफ्रॉन साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत नव्याने घडत असतात, त्यांतले निम्म्याहून अधिक शेवटच्या तिमाहीत. एवढी उलाढाल चालू असूनही भागाकार जागचा हलत नाही, कारण पोटही त्याच चालीने वाढते.

यातली खरी खुबी व्यवहारातली आहे. शेवटच्या पाळीची तारीख जिला आठवत नाही, तिच्या बाळाला आठवड्यांचा तक्ता लावायचा कसा? हे गुणोत्तर तारीख विचारतच नाही. बाळाचे मूत्रपिंड बाळाच्याच देहाशी ताडून पाहते. दोन्ही मूत्रपिंडे फुगवणाऱ्या जन्मजात आजारात आकडा वर गेला की लक्षात येते.

पण भाजकावर टाकलेला हा विश्वास कधी अंगाशीही येतो. वाढ खुंटलेल्या गर्भाचे यकृत लहान राहते, पोट बारीक होते, आणि धडधाकट मूत्रपिंड उगाच मोठे ठरते. म्हणून पुष्कळ जण सरळ लांबी मोजतात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ढोबळ हिशेब असा की जितके आठवडे, साधारण तितके मिलिमीटर. तिथेही माथ्यावरची अधिवृक्क ग्रंथी मापात शिरणार नाही हे बघावे लागते. गर्भात ती चांगलीच थोराड असते, आणि मूत्रपिंड मुळात नसेल तर तीच त्याच्या जागी लांबट पसरून नवख्याला चकवते.

आकार कळला तरी काम कळत नाही, आणि त्याबाबत हा निबंध गप्प आहे. ते बघायला नजर मूत्राशयाकडे आणि गर्भजलाकडे वळवावी लागते. सोळाव्या आठवड्यानंतर ते पाणी बहुतांशी बाळाच्या लघवीचेच असते.