लोकसहभाग आणि शिक्षकाचा करार : एल साल्वादोरच्या ‘एदुको’ योजनेच्या एका मूल्यमापनाची चिकित्सा

मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या देशात १९८० ते १९९२ या काळात यादवी युद्ध चालले. ग्रामीण भागात शासनाचा शिक्षक जेथे पोहोचत नव्हता, तेथे अनेक ठिकाणी गावकऱ्यांनीच आपल्यातील थोडेफार शिकलेल्यांकडे मुले सोपविली. या पार्श्वभूमीवर १९९१ साली तेथील शिक्षण मंत्रालयाने ‘एदुको’ योजना सुरू केली. निधी मंत्रालयाचा असे. परंतु तो गावातील निवडून आलेल्या पालकांच्या मंडळाकडे जाई. शिक्षकाची नेमणूक आणि बडतर्फी याच मंडळाच्या हाती असे. करार एका वर्षाचा असे.

या योजनेविषयी इमॅन्युएल हिमेनेझ व यासुयुकी सावादा यांचा ‘वर्ल्ड बँक इकॉनॉमिक रिव्ह्यू’मधील १९९९ चा लेख विशेष प्रसिद्ध आहे. एदुको व पारंपरिक शाळांतील तिसरीच्या विद्यार्थ्यांची तुलना करून त्यांनी निष्कर्ष काढला की, पालकांच्या सहभागामुळे मुलांचे भाषाकौशल्य सुधारले व गैरहजेरी घटली. एदुको शाळा मुख्यतः गरीब वस्त्यांत होत्या. त्यामुळे सरळ तुलना अन्यायाची ठरली असती, हे ओळखून त्यांनी सांख्यिकीय काळजी घेतली. लेखाचे हे श्रेय मान्य करावयास हवे.

तथापि ‘सहभाग’ या शब्दाने येथे दोन भिन्न गोष्टी झाकल्या जातात. एक, पालकांची शाळेविषयीची आस्था. दुसरी, शिक्षकाची नोकरी संपविण्याचा अधिकार. सहभाग वर्गभेटींनी मोजला तरी प्रश्न सुटत नाही, कारण वर्गात डोकावणारा पालक हाच पुढील वर्षीच्या करारावर सही करणारा मालकही असतो. मग शिक्षक वेळेवर आला तो आस्थेमुळे की धास्तीमुळे? या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय हे प्रारूप इतर देशांना सुचविणे घाईचे होते.

दुसरी मर्यादा काळाची आहे. परीक्षेचे गुण एका वर्षात मोजता येतात. पण दरवर्षी नव्याने नेमणूक मिळविणाऱ्या शिक्षकाचे दहा वर्षांनी काय होते, हे अशा मोजमापात दिसत नाही. शिक्षक संघटनांचा या योजनेला विरोध होता तो याच कारणासाठी. २००९ साली सत्तांतर झाल्यावर योजना टप्प्याटप्प्याने गुंडाळली गेली आणि तिच्यातील शिक्षकांना नियमित सेवेत घेण्यात आले.

समाजाने चालविलेल्या संस्थांत काम करणाऱ्या आपणांस हा प्रश्न परका नाही. तासिका तत्त्वावरील सहकारी आपल्या प्रत्येकाच्या विभागात आहेत. समाजाचा शाळेवर हक्क असावा, यात दुमत नाही. परंतु तो हक्क शिक्षकाच्या अस्थैर्यावर उभा असेल, तर मिळालेल्या यशाची किंमत कोणी मोजली, हेही प्रत्येक मूल्यमापनात नोंदले गेले पाहिजे.